निरुपद्रवी सूत्रकृमींची कैफियत

मृगाची चाहूल लागून खरिपाच्या तजविजी सुरू झाल्या, की मातीच्या अहवालात ‘सूत्रकृमी आढळले’ एवढीच नोंद वाचून औषधांच्या दुकानाकडे धाव घेणारे बागाईतदार दरवर्षी दिसतात. परंतु तेवढ्यावरून सर्व सूत्रकृमींना दोषी ठरविणे म्हणजे एका इसमाच्या गुन्ह्यासाठी सबंध गावाच्या जमिनी जप्त करण्यासारखे आहे.

मुळांवर गाठी आणणारा मेलॉयडोगाइन आणि कुजक्या पालापाचोळ्यात स्वतंत्रपणे राहणारा सीनोऱ्हॅब्डायटिस ब्रिग्सी हे दोघेही सूत्रकृमीच, पण त्यांची वृत्ती अगदी भिन्न. १९४९ मध्ये वर्णन झालेल्या या ब्रिग्सीचा आपल्या भूमीशीही संबंध आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचा जो वाण प्रमाण मानतात, तो अहमदाबादचा असून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा जनुकीय आराखडा त्याच वाणाचा होय. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, देह पारदर्शक आणि दोन्ही टोकांना निमुळता. गाठी आणणाऱ्याच्या मुखात मुळाची पेशी भोसकणारी पोकळ सुई असते, ब्रिग्सीच्या मुखात ती मुळीच नसते. तेथे अरुंद नळी, तिच्यामागे दोन फुगवट्यांची स्नायुमय ग्रसनी, आणि मागच्या फुगवट्यात जिवाणू भरडणारी लहानशी चक्की एवढाच सरंजाम. जिवाणूंच्या देहातील नत्र कृमीच्या गरजेहून अधिक असल्यामुळे उरलेले नत्र अमोनियाच्या रूपाने मातीत उतरते व पिकाच्या उपयोगी पडते. ही चाकरी तो बिनपगारी करतो. या जातीतील बहुतेक कृमी उभयलिंगी असल्याने एकट्यालाही वंश वाढविता येतो. अन्न संपले वा गर्दी झाली, की अळी तोंड मिटून कित्येक आठवडे उपाशी राहते, आणि गोगलगाईसारख्या प्राण्याच्या अंगावरून नव्या उकिरड्याची वाट धरते.

म्हणून प्रथम रोपटे हलकेच उपटून मुळे पाहावीत. कडधान्याच्या मुळांवरील नत्राच्या ग्रंथी बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात व कार्यरत असल्यास आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ ही मूळच सुजून झालेली असल्याने सुटत नाही. शंका राहिल्यास मुळांलगतची ओलसर माती पाचसहा ठिकाणांहून, पंधरा ते वीस सेंटिमीटर खोलीवरून घ्यावी, आणि अर्धा किलोचा नमुना बारीक मुळांसह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सावलीतून त्वरित पाठवावा. खतांच्या परीक्षणाचा नमुना वाळवितात, हा मात्र कदापि वाळवू नये; वाळविल्यास कृमी मरतात आणि अहवाल निरर्थक ठरतो. गाठींच्या सूत्रकृमीचीच खात्री पटली, तर निरोगी रोपे, झेंडूची फेरपालट आणि चांगल्या कुजलेल्या शेणखतासोबत निंबोळी पेंड हे उपाय आधी योजावेत. रासायनिक औषध कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनेच वापरावे, कारण मातीत ओतलेले औषध गाठींचा कृमी आणि ब्रिग्सी यांत बहुधा भेद करीत नाही.

अहवालात जात व संख्या दिलेली नसेल, तर ती प्रयोगशाळेकडून लेखी मागून घ्यावी. औषधाची पावती त्यानंतर फाडावी.