संगणकाची वीजपेटी : निवड व जोडणी

उद्देश : बंद पडलेल्या संगणकाची वीजपेटी शिक्षकास स्वतः पारखून निवडता यावी व निर्धोकपणे बदलता यावी.

साहित्य : फुलीच्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर, मऊ ब्रश, वही व पेन्सिल.

१. प्रस्तावना
काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील संगणक अकस्मात बंद पडला. मी तो विश्रांतवाडीस आपल्या बिऱ्हाडी आणून नवी वीजपेटी बसविली. पंखा फिरू लागला. पडदा मात्र काळाच राहिला. मदरबोर्ड जळाला असे समजून मी निर्लेखनाचा प्रस्ताव लिहून ठेवला. सहा महिने यंत्र कपाटावर पडून होते. पुढे आळंदी रस्त्यावरील एका कारागिराने झाकण काढले, प्रोसेसरजवळची चार पिनांची जोडणी राहिली होती ती बसविली, आणि संगणक सुरू झाला. दोष यंत्रात नव्हता, माझ्या घाईत होता. त्या सत्रात मुलांचे जे शिकणे राहिले, ते राहिलेच. शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्या शाळेत तसे न घडावे म्हणून हा पाठ.

२. पेटीचे कार्य
दुकानात हिला ‘एसएमपीएस’ म्हणतात. भिंतीवरील २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन ती संगणकास १२, ५ व ३.३ व्होल्टची दिष्ट वीज पुरविते. पिवळी तार १२ व्होल्टची, तांबडी ५ ची, नारिंगी ३.३ ची आणि काळी शून्याची, असा रूढ संकेत आहे. कित्येक नव्या पेट्यांत मात्र सर्वच तारा काळ्या असतात.

३. आधी तपासणी
पेटी विकत घेण्यापूर्वी त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण चालवून पाहावे. वायर बदलून पाहावी. पेटीमागील बटण चालू आहे ना, हेही पाहावे. शक्य असल्यास दुसऱ्या संगणकाची तशीच, चालू असलेली पेटी तात्पुरती जोडावी. एवढ्याने पुष्कळदा खर्च वाचतो.

४. निवड
जुन्या पेटीची लांबी, रुंदी, उंची व जोडण्यांतील पिनांची संख्या वहीत लिहून घ्यावी. काही कंपन्यांच्या संगणकांतील पेटीचा आकार वा जोडणी निराळी असते. तेथे बाजारातील सर्वसाधारण पेटी चालत नाही. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत खरेदीस जाताना जुनी पेटीच सोबत न्यावी, हे उत्तम.

केवळ ठळक छापलेल्या वॅटच्या आकड्यावर भुलू नये. लेबलवरील १२ व्होल्टच्या रकान्यातील अँपिअर पाहावेत. समजा, दोन पेट्यांवर ‘४५०’ लिहिले आहे. एकीत १४ अँपिअर, म्हणजे १२ × १४ = १६८ वॅट; दुसरीत ३४ अँपिअर, म्हणजे ४०८ वॅट. आजच्या संगणकाचा मुख्य भार १२ व्होल्टवरच असतो; म्हणून दुसरी पेटी श्रेष्ठ. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या शालेय संगणकास चांगल्या प्रतीची ३०० ते ४०० वॅटची पेटी सहसा पुरते.

५. जोडणी
(अ) वायर भिंतीवरून काढून काही मिनिटे थांबावे. जुन्या जोडण्यांचे चित्र वहीत काढावे.
(आ) जुनी पेटी काढून नवी चार स्क्रूंनी पक्की बसवावी.
(इ) २४ पिनांची मोठी जोडणी मदरबोर्डात, खटका बसेपर्यंत, दाबावी.
(ई) प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची जोडणी विसरू नये. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची जोडणी तिच्यासारखी दिसते, पण निराळी असते. ती येथे बळेच घुसवू नये.
(उ) हार्डडिस्कला चपटी साटा जोडणी द्यावी.
(ऊ) चित्राशी ताडून पाहावे, मगच वीज सुरू करावी.

६. दक्षता
पेटीचे कवच कधीही उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतील धारित्रात सुमारे ३२५ व्होल्टपर्यंतचा दाब काही काळ राहू शकतो. तो प्राणघातक ठरतो. तीन पिनांचा प्लग व भूसंपर्क असलेले सॉकेटच वापरावे. हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये. त्यांनी दुरून पाहावे. निकामी पेटी ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

७. स्वाध्याय
१. १२ व्होल्ट, २५ अँपिअर : किती वॅट? (उत्तर : ३००)
२. पंखा फिरतो, पण पडदा काळा आहे. प्रथम कोणती जोडणी तपासाल?
३. आपल्या शाळेतील बंद संगणकांची यादी करा. निर्लेखनाचा प्रस्ताव लिहिण्यापूर्वी प्रत्येकाचे झाकण एकदा काढून पाहा.