द्राक्षाच्या पानाचं बघता, तसं घरच्या ताटाचंही बघा

पोरी, तासगावच्या बागाईतदाराच्या घरात तू आता चांगली रुळलीस. फळछाटणी झाली की देठ परीक्षणाचा कागद कधी येतो याकडे तुमच्या अख्ख्या घराचे डोळे लागतात. मॅग्नेशियम कमी निघालं की लगेच ड्रीपमधून मॅग्नेशियम सल्फेट सोडायचं, फवारणी धरायची, सगळं कसं वेळच्या वेळी. तेच मॅग्नेशियम घरातल्या माणसांनाही लागतं. त्यांच्या ताटाकडे मात्र एवढ्या बारकाईनं कुणी बघत नाही. आता स्वयंपाकघर तुझ्या हातात आलंय, म्हणून हे लिहून देते. माणदेशातल्या उपकेंद्रांवर सिस्टर म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे यातलं थोडं पुस्तकातलं आहे आणि बरंचसं घराघरांत बघितलेलं. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल. शेवटी गरोदरपणाचं लिहिलंय, ते तेवढं तुझ्या जावेला आजच वाचून दाखव.

१. आधी ओळख करून घे. मोठ्या माणसाच्या अंगात मॅग्नेशियम असतं उणंपुरं २५ ग्रॅम, पण त्याच्यावाचून ३०० च्या वर कामं अडतात — आवळलेला स्नायू सैल होणं, काळजाचा ठोका तालात पडणं, खाल्लेल्या घासातून ताकद निघणं, सगळ्यात त्याचा हात असतो.

२. वेलीचं जुनं पान शिरांच्या मधे आधी पिवळं पडतं, हे तुला मी काय सांगावं — वेल जुन्या पानातलं मॅग्नेशियम काढून नव्या फुटीला देते. आपलं अंगही तसंच वागतं. निम्म्याहून जास्त साठा हाडांत असतो, आणि रक्तात कमी पडायला लागलं की तिथूनच उचल होते.

३. म्हणून रक्ताचा रिपोर्ट ठीक आला एवढ्यावर खाण्याकडे दुर्लक्ष करू नकोस — अंगातल्या एकूण मॅग्नेशियमपैकी शंभरातला एक भागही सीरममध्ये नसतो, आणि आपण तपासतो ते सीरमच.

४. थकवा आला, पोटरीत गोळा आला, की मोबाइल बघून ‘मॅग्नेशियम कमी झालं’ असं परस्पर ठरवू नकोस — रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं, उन्हात पाणी-मीठ कमी पडलं तरी असंच होतं. ऊसतोडीच्या टोळीतल्या गड्याच्या पायात गोळे आले, तर त्याला आधी सावलीत बसव आणि मीठ-साखरेचं पाणी दे.

५. दिवसाला किती लागतं तेही माहीत असू दे: हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पुरुषाला ४४० आणि बाईला ३७० मिलीग्रॅम धरलंय. आकडा ऐकून दबकू नकोस — आपलं जुनं ताट नीट वाढलं तर बरंच त्यातच भागतं.

६. रोज एक वेळ तरी भाकरी कर, ज्वारीची नाहीतर बाजरीची — १०० ग्रॅम पिठात १२५ मिलीग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं, आणि पॉलिश केलेल्या तेवढ्याच तांदळात जेमतेम २०-३०. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शाळूवर जगल्या. पाण्याची ददात होती, पैशाची होती, पण या एका बाबतीत त्यांचं ताट आजच्या कितीतरी ताटांहून भरलेलं होतं.

७. गिरणीतून गहू दळून आला की बारीक चाळणी लावून सगळा कोंडा गुरांपुढे टाकू नकोस — मॅग्नेशियम दाण्याच्या सालात आणि अंकुरात असतं, मैद्यात त्यातलं थोडंच उरतं. चाळणीवर राहिलं, ते अंगाचं गेलं.

८. मटकी रात्री भिजत घाल, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांध, आणि मोड फडक्याच्या विणीतून बाहेर डोकवायला लागेपर्यंत गाठ सोडू नकोस — दाण्यातलं फायटेट मॅग्नेशियमला धरून बसतं, भिजवल्यानं आणि मोड आणल्यानं ते सुटतं. भिजलं ते पचलं, मोडावलं ते लाभलं.

९. कोरेगावचा वाघ्या घेवडा दिसला की दोन किलो घेऊन ठेव. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण तू तो रोजच्या कामाचा म्हणून घे — घेवडा, हरभरा, मटकी, चवळी, सगळ्याच कडधान्यांत मॅग्नेशियम भरपूर असतं.

१०. पालेभाजी उकडून तिचं पाणी मोरीत ओतू नकोस — पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमच असतं, आणि उकडताना अंगी लागणारं बरंच काही त्या पाण्यात उतरतं. चाकवत असेल तर त्याच पाण्यात ताक आणि बेसन लावून पातळ भाजी कर. तांदुळजा, मेथी, राजगिरा तर झाकण ठेवून वाफेवरच शिजतात.

११. शेंगदाण्याची चटणी ताटातून हलू देऊ नकोस — मूठभर शेंगदाण्यांत ५० मिलीग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम येतं. तीळ आणि जवस त्याहून वरचढ.

इथं जरा थांबून भोगीचं सांगते. तीळ लावून थापलेली बाजरीची भाकरी, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, वांगं, गाजर आणि शेंगदाणे एकत्र घातलेली भाजी, वरून तिळाचं कूट. मॅग्नेशियमचं एकच जेवण सांग असं मला कुणी म्हटलं, तर मी हेच ताट पुढं करीन. थंडीत शेतात जे तयार होतं तेच बायकांनी एकत्र शिजवलं आणि त्याला सणाचा मान दिला. तुझ्या सासूबाई ती भाजी करतात तेव्हा शेजारी उभी राहा. कूट किती घालतात, भाजी उतरवायच्या आधी घालतात की नंतर, ते नजरेत ठेव. असं जेवण वर्षातून एकदाच का, हे मला कधी पटलं नाही. हिवाळाभर आठवड्यातून एकदा कर, घरातलं कुणी नको म्हणणार नाही.

१२. बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर धरला म्हणून ते पाणी टाकाऊच, असं समजू नकोस — पाण्याचा जडपणा येतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळेच. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मिलीग्रॅमपर्यंत मॅग्नेशियम चांगलं मानतात, दुसरं पाणीच नसेल तर १०० पर्यंत चालवून घेतात.

१३. शेजारच्यांनी बसवला म्हणून आरओ बसवू नकोस, आधी भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत बाटलीभर पाणी तपासून घे — आरओ नको ते काढतो तसं मॅग्नेशियमही काढून टाकतो. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं तर मात्र बिनदिक्कत बसव, आणि पाण्यातलं गेलेलं ताटातून भरून काढ.

१४. आता गळतीकडे ये. तुझ्या मामंजींना साखर आहे. ती आटोक्यात ठेवायला त्यांच्या मागे लाग — साखर वाढली की लघवी वाढते आणि मॅग्नेशियम तिच्यावाटे निघून जातं.

१५. बीपीसाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी लघवीच्या गोळ्या चालू असतील, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना ‘मॅग्नेशियम आणि पोटॅशियम बघायचं का?’ एवढं विचार — त्यातल्या बऱ्याच गोळ्या दोन्ही बाहेर काढतात, आणि मॅग्नेशियम कमी असलं तर नुसतं पोटॅशियम देऊन ते टिकत नाही.

१६. सकाळी उठल्याबरोबर ॲसिडिटीची गोळी घ्यायची सवय घरात कुणाला असेल, तर ती किती वर्षांची आहे ते मोज — पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या जातीच्या गोळ्या वर्षाच्या वर रोज घेतल्या तर काहींचं मॅग्नेशियम घसरतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं २०११ सालीच दिलाय. मनानं बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. दुखणं एक, गोळ्या चार. कोण काय नेतं याचा कर विचार.

१७. दारूचं फार बोलत नाही — ती पोट बिघडवते, जेवण तोडते आणि मॅग्नेशियम लघवीतून घालवते, तिन्ही बाजूंनी.

१८. औषधाच्या दुकानातून परस्पर मॅग्नेशियमच्या गोळ्या आणू नकोस — मात्रा वाढली की जुलाब लागतात, आणि म्हातारपणी रात्री पोटरीत येणाऱ्या गोळ्यांवर त्यांचा फारसा उपयोग दिसून आलेला नाही. डॉक्टरांनी रक्त तपासून, औषधं बघून दिल्या तर जरूर घे. ताटात वाढलेलं पाकिटात शोधू नये.

१९. किडनी अधू असलेल्या माणसाला मॅग्नेशियमची गोळी, पोट साफ व्हायचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया किंवा मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं औषध विचारल्याशिवाय देऊच नकोस — जास्तीचं मॅग्नेशियम किडनीच बाहेर टाकते. तिनं हात टेकले की ते रक्तात साठतं.

२०. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियमची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेव — पोटात दोघी गाठ पडल्या की थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही.

२१. बागेसाठी आणलेली मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी शेडमध्येच राहू दे, स्वयंपाकघरात नको — दिसायला ती साखरेसारखी, आणि खतासाठी बनवलेला माल पोटात घ्यायच्या शुद्धतेचा नसतो.

आता तुझ्या जावेसाठी. तिला पाचवा महिना लागला, म्हणजे हे ऐकायची वेळ झाली. गरोदर बाईचं बीपी वाढून झटके येतात, तेव्हा तिला वाचवणारं पहिलं औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. आम्ही सिस्टर लोक त्याला ‘मॅगसल्फ’ म्हणतो. ३३ देशांतल्या दहा हजारांवर गरोदर बायकांवर झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीचा निकाल २००२ साली आला: बीपी वाढलेल्या बायकांत या औषधानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. औषध स्वस्त आहे, जुनं आहे, आणि त्याच्यावर माझा फार विश्वास आहे.

२२. दर तपासणीला बीपी मोजून कार्डावर लिहून घ्यायचं, आकडा तोंडी सांगितला तर चालणार नाही — १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं की लगेच हालचाल करायची असते, आणि आधीचे आकडे समोर असले तर वाढ नजरेत येते.

२३. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, छातीखाली पोटात कळ मारतेय, तोंडावर-हातावर सूज आहे, यातलं काहीही झालं तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका — झटका सकाळपर्यंत थांबत नाही. १०८ ला फोन लावा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

२४. झटका आलाच तर तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी, कांदा काही घालू नका — दात-जीभ दुखावते आणि पाणी फुप्फुसात जातं.

२५. उपकेंद्रावरची सिस्टर दोन्ही कुल्ल्यांत खोल इंजेक्शन द्यायला लागली तर घरच्यांनी तिचा हात धरू नये — पाच-पाच ग्रॅमचा तो पहिला डोस देऊनच पुढे पाठवायचं, असं सरकारी मार्गदर्शन आहे, आणि मिरजेला नाहीतर सांगलीला पोचेपर्यंत तोच तिला सांभाळतो. इंजेक्शन दुखतं, अंग गरम होतं, घाम येतो. तिला ते आधीच सांगून ठेवा म्हणजे ती घाबरणार नाही.

२६. मोठ्या दवाखान्यात सिस्टर सारखी गुडघ्यावर टिचकी मारून बघेल, श्वास मोजेल, लघवीची पिशवी तपासेल. ‘किती त्रास देता’ असं तिला म्हणू नका — मॅग्नेशियम जास्त झालं की आधी गुडघ्याची उडी जाते, मग श्वास मंदावतो, आणि वेळेत कळलं तर कॅल्शियम ग्लुकोनेटचा उतारा तिच्या हाताशी असतो.

२७. आणि गावातून निघताना रेफरच्या चिठ्ठीवर मॅगसल्फ किती दिलं आणि किती वाजता दिलं ते लिहिलंय का, हे तू स्वतः वाचून बघ. नसेल तर गाडी सुरू व्हायच्या आत लिहून घे — पुढचा डोस कधी आणि किती, हे तिथले डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.