घटक ५ : पार्श्वसंगीत – चित्रपटातील अदृश्य निवेदक

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• कथांतर्गत संगीत आणि पार्श्वसंगीत यांतील फरक सांगता येईल.
• पार्श्वसंगीत निवेदकाचे कार्य कसे करते, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• मॅक्स स्टायनर, बर्नार्ड हरमन व जॉन विल्यम्स यांच्या रचनांचे वेगळेपण सांगता येईल.
• पार्श्वसंगीताच्या कर्तृत्वाविषयीचा प्रश्न मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, कथा-कादंबरीचा अभ्यास करताना आपण एक प्रश्न प्रथम विचारतो : ही कथा कोण सांगत आहे? निवेदक सर्वज्ञ आहे की मर्यादित? त्याच्यावर विश्वास ठेवता येतो का? चित्रपटाला मात्र हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. कॅमेरा दाखवतो, पात्रे बोलतात आणि कथा आपोआप उलगडते, असा आपला समज असतो. परंतु बहुतेक चित्रपटांत पात्रांना ऐकू न येणारा, केवळ प्रेक्षकालाच ऐकू येणारा एक आवाज असतो. तो वाद्यवृंदाचा आवाज होय.

‘उत्तम पार्श्वसंगीत ते, जे प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही’ असे अनेकदा म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. कादंबरी वाचताना निवेदक लक्षात आला नाही, म्हणून तो नसतो असे नाही. उलट, अशा वेळी त्याचा प्रभाव अधिक असतो. प्रस्तुत घटकात हॉलिवूडच्या तीन चित्रपटांच्या आधारे आपण हा निवेदक ओळखण्याचा प्रयत्न करणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ कथांतर्गत संगीत आणि पार्श्वसंगीत

पडद्यावरील रेडिओवर गाणे वाजते, लग्नात सनई वाजते किंवा नायिका पियानो वाजवते, तेव्हा ते संगीत कथेच्या जगातलेच असते. पात्रांनाही ते ऐकू येते. यास कथांतर्गत संगीत म्हणावे. याउलट, ज्या संगीताचा उगम कथेच्या जगात नसतो, ते पार्श्वसंगीत. मूकपटांच्या काळात वादक चित्रपटगृहातच बसून वाजवत असत. बोलपट आल्यावर आरंभीच्या काही वर्षांत निर्मात्यांना वेगळीच शंका पडली : दृश्यात वादक दिसत नसताना संगीत आले कोठून, असे प्रेक्षक विचारतील काय? या शंकेला सर्वांत प्रभावी उत्तर देणाऱ्या चित्रपटांपैकी एक म्हणजे १९३३ मधील ‘किंग काँग’.

५.२.२ मॅक्स स्टायनर : संगीत कोठे सुरू होते?

स्टायनर यांचा जन्म १८८८ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. तेथील ऑपेरा आणि संगीतिकांच्या परंपरेत ते घडले आणि पुढे अमेरिकेत आले. ‘किंग काँग’च्या आरंभीच्या न्यूयॉर्कमधील प्रसंगांना, श्रेयनामावलीचे संगीत वगळता, पार्श्वसंगीत नाही. तेथे मंदीची झळ बसलेले शहर आहे, भूक आहे, व्यवहार आहे. जहाज धुक्यात शिरून अज्ञात बेटाजवळ येऊ लागते, तेव्हा प्रथमच वाद्यवृंद हलकेच सुरू होतो. वास्तवाची हद्द संपली आणि अद्भुताची सुरू झाली, हे कोणतेही पात्र सांगत नाही. ते संगीत सांगते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. काँग ही पडद्यावर हलणारी एक बाहुली होती. तिच्या चेहऱ्यावर सूक्ष्म भाव उमटणे कठीण. स्टायनर यांनी काँगला तीन उतरत्या स्वरांची एक स्वरावली दिली. आरंभी ती भीती उत्पन्न करते. शेवटी, तो उंच इमारतीवरून कोसळतो तेव्हा, वाद्यवृंद शोकाचा सूर धरतो. चित्र एका राक्षसाचा अंत दाखवते, संगीत मात्र एका एकाकी जीवाचा मृत्यू सांगते. सहानुभूती कोणाला द्यायची, हे येथे निवेदकाने ठरवले आहे.

५.२.३ बर्नार्ड हरमन : पात्राच्या अंतरंगाचे निवेदन

न्यूयॉर्कमध्ये १९११ साली जन्मलेल्या हरमन यांनी ‘सिटिझन केन’ (१९४१) या चित्रपटाद्वारे या क्षेत्रात प्रवेश केला. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’साठी (१९६०) त्यांनी एक धाडसी निर्णय घेतला. वाद्यवृंदातील पितळी वाद्ये, बासऱ्यांसारखी फुंकवाद्ये आणि तालवाद्ये हे सर्व वगळून त्यांनी केवळ तंतुवाद्ये ठेवली. भयपटात ढोल आणि तुताऱ्यांचा गजर अपेक्षित असतो, तर व्हायोलिन प्रेमप्रसंगासाठी राखलेले असते. हरमन यांनी हा संकेत उलटा केला. कृष्णधवल चित्राला साजेसा एकाच रंगकुळातला ध्वनी त्यांना हवा होता.

चित्रपटातील स्नानगृहाचा प्रसंग सर्वपरिचित आहे. तेथे संगीत नसावे, असा हिचकॉक यांचा आरंभीचा विचार होता. हरमन यांनी तरीही रचना केली. ती ऐकल्यावर दिग्दर्शकाने आपले मत बदलले. या प्रसंगात सुरी शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. पुन्हा पुन्हा ओढल्या जाणाऱ्या गजांतून उमटणारी व्हायोलिनची तार सप्तकातील किंकाळीच प्रेक्षकाच्या मनात तो वार पूर्ण करते.

तथापि, अभ्यासकाने त्याआधीचा एक साधा प्रसंग पाहावा. मॅरियन ही कर्मचारी मालकाचे चाळीस हजार डॉलर घेऊन मोटारीने निघाली आहे. पडद्यावर दिसतो तो तिचा चेहरा, रस्ता, पुढे अंधार आणि पाऊस. इतर लोक काय म्हणतील याची तिची कल्पना आवाजांच्या रूपाने ऐकू येते. पण त्या आवाजांखाली श्रेयनामावलीच्या वेळी ऐकलेले तेच धावते, टोचणारे संगीत परत येते. संगीत काढून टाकले, तर उरतो तो बराचसा एक कंटाळवाणा प्रवास. संगीतासह पाहिले की तीच स्त्री स्वतःच्या कृत्यापासून पळत आहे, असे जाणवते. कादंबरीत ज्याला आपण अंतर्मनाचे निवेदन म्हणतो, ते कार्य येथे तंतुवाद्ये करतात.

५.२.४ जॉन विल्यम्स : विश्वासार्ह निवेदक आणि त्याचे मौन

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ (१९७५) चित्रपटासाठी तयार केलेला यांत्रिक शार्क समुद्रात वारंवार बिघडत असे. परिणामी, तो पडद्यावर फार काळ दाखवता येत नव्हता. ही उणीव संगीताने भरून काढली. विल्यम्स यांनी केवळ दोन लगतच्या स्वरांची मंद्र सप्तकातील आवर्तने रचली. त्यांनी ती प्रथम पियानोवर ऐकवली, तेव्हा दिग्दर्शकाला ती थट्टा वाटली. पुढे याच रचनेसाठी विल्यम्स यांना ऑस्कर मिळाले.

या दोन स्वरांचे कार्य नीट पाहा. आवर्तने मंद असतील, तर शार्क दूर आहे. लय आणि आवाज वाढला, की तो जवळ आला. अंतराचे रूपांतर लयीत झाले आहे. विशिष्ट पात्राशी वा कल्पनेशी जोडलेल्या अशा पुनरावर्ती स्वरावलीस ‘लाइटमोटिफ’ म्हणतात. जर्मन संगीतकार वाग्नर यांच्या ऑपेरांत या तंत्राचा मोठा विस्तार झाला.

आता चित्रपटातील दोन प्रसंग ताडून पाहू. समुद्रकिनाऱ्यावर पाण्यात कल्ला दिसतो आणि हाहाकार उडतो. परंतु ते दोन स्वर वाजत नाहीत. पुढे कळते, की तो पुठ्ठ्याचा कल्ला होता आणि मुलांनी केलेली ती चेष्टा होती. म्हणजे निवेदक खोटे बोलला नव्हता. या सचोटीमुळे आपण त्याच्यावर विसंबू लागतो. नंतर नौकेवरील अधिकारी पाण्यात आमिष टाकत असताना शार्कचे प्रचंड डोके अचानक वर येते, आणि या वेळी कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही. विश्वासू निवेदकाने ऐन वेळी मौन पाळल्यामुळेच तो धक्का इतका तीव्र होतो.

५.२.५ रचना कोणाची?

पार्श्वसंगीत जर निवेदन असेल, तर त्याच्या कर्त्याचा विचार करणे ओघानेच येते. हॉलिवूडमध्ये संगीतकाराने आराखडा करावा आणि कोणते वाद्य काय वाजवील, हे दुसऱ्या तज्ज्ञाने लिहावे, अशी श्रमविभागणी रूढ होती. हरमन हे काम स्वतःच करण्याविषयी आग्रही होते. या आग्रही स्वभावाची किंमतही त्यांनी मोजली. ‘टॉर्न कर्टन’ (१९६६) या चित्रपटासाठी लोकप्रिय वळणाचे संगीत हवे असताना त्यांनी आपल्याच पद्धतीची रचना केली. ती नाकारण्यात आली आणि हिचकॉक यांच्याशी असलेले त्यांचे दीर्घ सहकार्य संपले.

हाच प्रश्न मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही उभा राहतो. येथील ध्वनिमुद्रणगृहांत व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजवणारे आणि स्वरलेखन जाणणारे अनेक कलावंत गोव्यातून आले होते. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या संयोजकांनी संगीतकारांच्या चालींना वाद्यवृंदाचे रूप दिले. मूळचे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील प्रसिद्ध गीतात त्यांचे नाव येते, ती शिष्याने दिलेली मानवंदना होय. ते नाव लक्षावधी लोकांच्या ओठांवर आले; त्यामागची व्यक्ती मात्र फार थोड्यांना ठाऊक होती.

५.३ सारांश

पार्श्वसंगीत हे चित्रावरचा साज नसून निवेदनाचा एक घटक आहे. स्टायनर यांचे संगीत वास्तव आणि अद्भुत यांतील सीमा आखते व आपली सहानुभूती वळवते. हरमन यांचे संगीत पात्राचे अंतरंग उघड करते. विल्यम्स यांचे संगीत अदृश्य पात्राला अस्तित्व देते आणि मौनाचाही अर्थपूर्ण वापर करते. निवेदन ओळखता आले, म्हणजे आपल्या मनात उमटलेली भीती वा करुणा कोणी आणि कशी निर्माण केली, हे विचारण्याचे सामर्थ्य येते. साहित्याच्या अभ्यासकाला हेच साधायचे असते.

५.४ पारिभाषिक शब्द

स्वरावली : ओळखता येईल असा स्वरांचा छोटा क्रम.
लाइटमोटिफ : पात्र, स्थळ वा कल्पनेशी जोडलेली पुनरावर्ती स्वरावली.
संयोजक : चालीला वाद्यवृंदासाठी विस्तारून लिहिणारा तज्ज्ञ.

५.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘किंग काँग’मध्ये पार्श्वसंगीत कोणत्या क्षणी सुरू होते? त्यातून काय सूचित होते?
२. ‘सायको’साठी हरमन यांनी कोणती वाद्ये वगळली? या निवडीने कोणता संकेत उलटा झाला?
३. ‘जॉज’मधील संगीतास विश्वासार्ह निवेदक का म्हणावे?

५.६ उपक्रम

तुमच्या आवडीच्या चित्रपटातील पाच मिनिटांचा, संवाद कमी असलेला एक प्रसंग निवडा. तो प्रथम आवाज बंद करून पाहा व काय घडते ते लिहा. नंतर डोळे मिटून केवळ ऐका व काय वाटते ते लिहा. शेवटी दोन्ही एकत्र अनुभवा. दोन टिपणांत जो फरक पडेल, तोच संगीताच्या निवेदनाचा वाटा होय. चित्रपट संपल्यावर श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचा आणि संगीतकार, संयोजक व वादक यांची जी नावे आढळतील, ती टिपणाच्या शेवटी नोंदवा.