अन्नाचे वावडे असलेले मूल आणि बोटीचा पहिला प्रवास

पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीत बसणारी माणसे घरची शिदोरी बरोबर घेत. आता जहाजाचा प्रवास ही हौसेची सहल झाली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाने मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे सहली सुरू झाल्या, आणि आपल्या खालापूर-कर्जत भागातली कुटुंबेही अशा सहलींची चौकशी करू लागली. या सहलीत शिदोरी नसते. दोन-तीन दिवसांची सर्व जेवणे जहाजाच्या स्वयंपाकघरातून येतात. निरोगी मुलाच्या आईवडिलांना त्याचे काही वाटणार नाही. पण ज्या मुलाला एखाद्या अन्नाचे वावडे, म्हणजेच ॲलर्जी आहे, त्याच्या आईवडिलांनी मात्र तिकीट काढण्यापूर्वीच विचार करायला हवा.

साजगावच्या एका कुटुंबाने मला हाच प्रश्न विचारला. आजोबा नोकरीतून निवृत्त झाले होते आणि सर्वांना घेऊन जहाजाने जायची त्यांची इच्छा होती. नातू अडीच वर्षांचा, वजन १२ किलो. त्याला शेंगदाणा आणि अंडे यांचे वावडे. दीड वर्षाचा असताना लोणावळ्याच्या चिक्कीचा एक तुकडा खाऊन त्याच्या अंगभर गांधी उठल्या होत्या आणि श्वासाला घरघर लागली होती. ‘डॉक्टर, न्यावे की नको?’ एवढेच त्यांना विचारायचे होते. माझे उत्तर असे होते की, न्यायला हरकत नाही, पण तयारी पूर्ण झाल्यावर. ती तयारी कोणती, हे सर्वांच्याच उपयोगाचे असल्याने येथे क्रमाने सांगतो.

वावडे म्हणजे काय?

शरीराची संरक्षणव्यवस्था एखाद्या निरुपद्रवी अन्नातील प्रथिनाला शत्रू समजते आणि पुढच्या वेळी ते पोटात गेले की त्याच्यावर तुटून पडते. दूध, अंडे, शेंगदाणा, काजू-अक्रोडासारखा सुका मेवा, गहू, सोयाबीन, तीळ, मासे आणि कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले जलचर यांचे वावडे जास्त आढळते. दूध आणि अंडे यांचे वावडे बहुतेक मुलांत वय वाढेल तसे जाते. शेंगदाणा, सुका मेवा, मासे यांचे बहुधा टिकून राहते.

याचे सर्वांत गंभीर रूप म्हणजे ॲनाफायलॅक्सिस. या शब्दाचा इतिहास जहाजाशीच जोडलेला आहे. १९०१ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ एका विषारी समुद्री जीवाचा अभ्यास करीत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचून पाहिले. पहिली मात्रा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी पुन्हा दिलेल्या लहान मात्रेने थोड्याच वेळात मेला. १९०२ साली त्यांनी या प्रकाराला ‘ॲनाफायलॅक्सिस’, म्हणजे संरक्षणाच्या उलट, असे नाव दिले. रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरात ‘मागे एकदा खाल्ले होते, काही झाले नाही’ किंवा ‘एका घासाने काय होते?’ असे म्हटले जाते, त्याचे उत्तर या प्रयोगात आहे. पूर्वी काही झाले नाही यावरून पुढे होणार नाही असे ठरत नाही, आणि मात्रा लहान आहे म्हणून धोका लहान आहे असेही नाही.

नेमके नाव माहीत हवे

तयारीची पहिली पायरी म्हणजे मुलाला नेमके कशाचे वावडे आहे हे तज्ज्ञाकडून ठरवून घेणे. ‘बाहेरचे सोसत नाही’ एवढ्याने भागत नाही. आपल्या भागातलेच उदाहरण घ्या. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. एका टोपलीत सुके बोंबील, शेजारी सुका जवळा. आपण दोन्हीला सुकी मासळीच म्हणतो. पण बोंबील हा मासा आहे आणि जवळा ही बारीक कोळंबीची जात आहे. दोघांतील वावड्याची प्रथिने वेगळी. म्हणून एकाचे वावडे असलेल्या मुलाला दुसरे चालेल किंवा चालणार नाही हे घरी अंदाजाने ठरवू नये. वाळवल्याने किंवा शिजवल्याने ही प्रथिने नाहीशी होत नाहीत. मासे-कोळंबी शिजताना निघणारी वाफ आणि सुक्या मासळीची धूळ यांनीही काही मुलांना त्रास होतो. अशा मुलाला जहाजावर मासे तळले जातात त्या बाजूच्या टेबलावर बसवू नये.

शाकाहारी, जैन, उपवासाचे

मुंबईहून निघणाऱ्या सहलींत शाकाहारी आणि जैन जेवण मिळते. त्यामुळे अनेकांना हायसे वाटते. पण हे शब्द धर्माचे आणि आचाराचे आहेत, वावड्याचे नाहीत. जैन जेवणात कांदा-लसूण नसेल, अंडे नसेल, पण दाण्याचे कूट, काजूची ग्रेव्ही, तीळ, दूध हे सर्व असू शकते. उपवासाची साबुदाण्याची खिचडी तर दाण्याच्या कुटाशिवाय होतच नाही. शेंगदाण्याचे वावडे असलेल्या मुलाला अशा पदार्थाचा धोकाच जास्त.

बंद पाकिटावरचा मजकूर मात्र वाचावा. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचवाले जलचर, दूध, अंडे, मासे, शेंगदाणा व सुका मेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट यांचा उल्लेख पाकिटावर वेगळा करावा लागतो. तीळ आणि मोहरी या यादीत नाहीत. त्यांचे वावडे असेल तर घटकांची संपूर्ण यादी वाचण्याला पर्याय नाही.

कंपनीला लेखी कळवा

तिकीट काढतानाच कंपनीला मुलाचे वय आणि वावड्याचे पदार्थ लेखी कळवावेत आणि उत्तरही लेखी मागावे. तीन गोष्टी विचाराव्यात. वेगळ्या भांड्यात जेवण करून मिळेल का? बंद पाकिटातील खाऊ बरोबर नेता येईल का? जहाजावरच्या दवाखान्यात लहान मुलाच्या मात्रेचे ॲड्रिनॅलिन आणि ऑक्सिजन आहे का? ज्यांच्याकडून स्पष्ट उत्तर येत नाही, त्यांच्या जहाजाने जाऊ नये. साजगावच्या त्या कुटुंबाचे तिकीट लेखी उत्तर हाती आल्यावरच काढले गेले.

जहाजावर पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी मुख्य आचाऱ्याची भेट घ्यावी. स्वयंपाकघरात निरनिराळ्या प्रांतांतली आणि देशांतली माणसे काम करतात, म्हणून वावड्याच्या पदार्थांची नावे हिंदी-इंग्रजीत लिहिलेले, शक्य तर त्यांची चित्रे असलेले कार्ड प्रत्येक जेवणाला दाखवावे.

सर्वांत मोठी अडचण आपल्या हाताने वाढून घेण्याच्या टेबलाची. तिथे पदार्थ चांगले असतात, पण एका पातेल्यातला डाव दुसऱ्या पातेल्यात जातो. आचाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी शंभर प्रवाशांच्या हातांवर त्याचा ताबा नसतो. म्हणून मुलाचे ताट थेट स्वयंपाकघरातून मागवावे. ते जमत नसेल तेव्हा सालासकट केळे, आपल्यासमोर उघडलेले पाकीट, साधा भात असे पदार्थ बरे. जो पदार्थ मुलाने घरी कधी खाल्ला नाही, तो जहाजावर पहिल्यांदा देऊ नये.

मुलाची खुर्ची आणि टेबल आधी पुसून घ्यावे. जहाजावर जागोजागी हात निर्जंतुक करण्याचे द्रव ठेवलेले असते. त्याने जंतू मरतात, पण शेंगदाण्याचे प्रथिन हातावर तसेच राहते. ते काढायला साबण-पाणी किंवा ओले पुसणेच हवे. अडीच वर्षांचे मूल जमिनीवर पडलेलेही उचलून तोंडात घालते, म्हणून खोलीत शिरल्यावर पलंगाखालीही एकदा पाहून घ्यावे.

औषधाची पिशवी

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी लावतात. नुसत्या दोन-चार गांधी असतील तर त्याने त्वचेला गार वाटेल. पण घसा सुजत असेल, श्वास कोंडत असेल, तर आमसूलही नाही आणि ॲलर्जीचे गोड औषधही नाही. त्या वेळी एकच औषध जीव वाचवते, ते म्हणजे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यभागी, स्नायूत द्यायचे असते.

परदेशात ते पेनासारख्या तयार नळीत मिळते. आपल्याकडे तशी नळी सहज मिळत नाही, त्यामुळे कुपी आणि १ मिलिलिटरची सिरिंज वापरावी लागते. मात्रा दर किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम अशी कुपी असेल तर १२ किलोच्या मुलाला ०.१२ मिलिलिटर. पण हे वाचून कोणी स्वतः मात्रा ठरवू नये. आपल्या डॉक्टरांकडून मुलाची मात्रा कागदावर लिहून घ्यावी आणि त्यांच्यासमोर साध्या पाण्याने भरून सराव करावा. त्या मुलाच्या आईने, वडिलांनी आणि आजीनेही माझ्यासमोर असा सराव केला. ज्या घरात एकालाच इंजेक्शन भरता येते, त्या घराची तयारी अर्धी समजावी.

निदान दोन मात्रा बरोबर असाव्यात, कारण गरज पडल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी दुसरी द्यावी लागते. मुदतीची तारीख पाहावी, औषध उन्हापासून आणि उष्णतेपासून जपावे, पण गोठवू नये. सुरक्षा तपासणीसाठी डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे. मोठ्या बॅगा जहाजावर काही तासांनी खोलीत पोहोचतात, म्हणून ही पिशवी त्यांत टाकू नये. ती मूल सांभाळणाऱ्याच्या खांद्यावर असावी. जेवायला, खेळायच्या खोलीत, आणि जहाज सुटण्याआधी होणाऱ्या सुरक्षा कवायतीलाही ती बरोबर हवी.

लक्षणे ओळखताना

एवढ्याशा मुलाला ‘घसा आवळतो’ असे सांगता येत नाही. ते जीभ खाजवते, तोंडात बोटे घालते, कान चोळते, आईला चिकटून बसते. आवाज घोगरा होणे, खोकला वा घरघर, ओठ-जीभ सुजणे, वारंवार उलट्या, अंग एकाएकी ढिले पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. वावड्याचा पदार्थ खाल्ल्यानंतर यांतले काही दिसले तर लगेच इंजेक्शन द्यावे, मग जहाजाच्या डॉक्टरांना बोलवावे. मुलाला आडवे ठेवावे, श्वासाला फार त्रास असेल तर बसू द्यावे, पण उभे करू नये आणि खांद्यावर उभे धरून धावत सुटू नये. बरे वाटल्यावरही काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून देखरेखीखाली राहावे.

बोट लागून होणाऱ्या उलटीने गोंधळ होतो. त्या कुटुंबाच्या प्रवासात दुसऱ्या रात्री तेच झाले. जहाज डोलत होते आणि मुलाला उलटी झाली. आईने कागद काढून एकेक चिन्ह पाहिले. जेवण होऊन चार तास झाले होते, अंगावर गांधी नव्हत्या, आवाज स्वच्छ होता, श्वास शांत होता. तरीही तिने जहाजाच्या डॉक्टरांना दाखवून खात्री करून घेतली. उलटी बोट लागल्याचीच होती. शंका असेल तेव्हा असेच दाखवावे. बोट लागू नये म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नये. प्रोमेथॅझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देतच नाहीत, आणि त्याहून मोठ्या मुलालाही अशा औषधाने गुंगी येते, त्या गुंगीत धोक्याचे चिन्ह झाकले जाते.

लांबच्या सहलीआधी एक छोटा प्रवास करून पाहावा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. साधारण तासाभराच्या अशा प्रवासात मुलाला बोट लागते का, आणि पिशवी सांभाळायची सवय आपल्याला झाली आहे का, हे दोन्ही कळते.

केव्हा जाऊ नये?

मुलाचा दमा ताब्यात नसेल, नुकताच वावड्याचा गंभीर झटका येऊन गेला असेल, किंवा घरात कोणालाच इंजेक्शन देता येत नसेल, तर सहल पुढे ढकलावी. साजगावच्या मुलाला पहिल्या भेटीत खोकला आणि घरघर होती, म्हणून मी दोन महिने थांबायला सांगितले. आजोबांना ते जड गेले, पण त्यांनी ऐकले.

साजगावात मुलाला काही झाले तर १०८ ला दूरध्वनी करता येतो, खोपोलीचा दवाखाना रिक्षाने गाठता येतो. भर समुद्रात रुग्णवाहिका येत नाही. जहाजावर डॉक्टर असले तरी ते आपल्या टेबलापर्यंत पोहोचेपर्यंतची पहिली काही मिनिटे आईवडिलांच्याच हातात असतात. त्या मिनिटांची तयारी घरी, जमिनीवर असतानाच झालेली असावी. ती झाली असेल तर वावड्याच्या मुलालाही समुद्र जरूर दाखवावा, आणि परत आल्यावर न वापरलेल्या इंजेक्शनचा खर्च फुकट गेला असे कोणी मनात आणू नये.