शरीरातील पाटबंधारे

कोल्हापूरनजीक कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात नदीची पातळी येथे मोजली जाते. ती ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका समजला जातो. पावसाळा सरल्यावर अशा बंधाऱ्यांच्या खांबांमधील खाचांत बर्गे बसवून पाणी अडविले जाते. पुढील पावसाळ्याच्या तोंडावर तेच बर्गे काढून नदीला वाट मोकळी करून दिली जाते. विपुलतेच्या काळात सोडावे व तुटीच्या काळात राखावे, हे तत्त्व 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' या नावाने राज्यभर परिचित झाले आहे. मानवी शरीरात हेच काम वर्षातून दोनदा नव्हे, तर क्षणोक्षणी चालते आणि ते मूत्रपिंडे करतात. लघवी तयार करणारा अवयव एवढीच त्यांची ओळख सामान्यतः दिली जाते. ती फारच अपुरी आहे.

पाठीच्या बाजूस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला, कण्याच्या दोन्ही अंगांस ही घेवड्याच्या बीच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर व वजन सुमारे १५० ग्रॅम. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात साधारणपणे ४२ लिटर पाणी असते. त्यातील दोन तृतीयांश पेशींच्या आत, तर उरलेले पेशींच्या भोवती व रक्तात असते. रक्तातील द्रवभाग म्हणजे रक्तद्रव अवघा तीन लिटर. मूत्रपिंडांचा हात पोहोचतो तो या तीन लिटरांपर्यंतच. परंतु रक्तद्रव, पेशींभोवतीचे पाणी आणि पेशींमधील पाणी यांची देवघेव सतत चालू असल्याने, एका विहिरीच्या पाण्यावरून साऱ्या शिवाराची ओल सांभाळावी तसा हा व्यवहार होतो.

गाळणे आणि परत घेणे

हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त शरीरात पाठविते. त्यातील एक पंचमांश किंवा त्याहून थोडे अधिक रक्त मूत्रपिंडांकडे जाते. शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरणाऱ्या अवयवांना एवढा वाटा का मिळावा, याचे उत्तर त्यांच्या कामाच्या रीतीत आहे. प्रत्येक मूत्रपिंडात नेफ्रॉन नावाच्या सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या गुच्छातून द्रव गाळला जातो आणि पुढे एका लांब, नागमोडी नलिकेतून वाहतो. दिवसभरात असा सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, म्हणजे दोनशे लिटरचे पिंप जवळजवळ भरेल इतका. प्रत्यक्षात लघवी होते ती मात्र दीड लिटरच्या आसपास. बाकी सर्व, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक पाणी, नलिका पुन्हा रक्तात परत घेतात.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात याच्या उलट रीत दिसते. काहिलीत रस तापू लागला की गुळव्या भेंडीचा चिकट अर्क घालून मळी वर आणतो आणि तेवढी काढून टाकतो. चांगला रस काहिलीतच राहतो. मूत्रपिंड मळी शोधत बसत नाही. रक्तपेशी व प्रथिने वगळता ते जवळजवळ सारेच बाहेर ओतते आणि पाणी, मीठ, साखर असे जे हवे ते तेवढे वेचून परत घेते. प्रथमदर्शनी ही उधळपट्टी वाटते. पण तीत मोठे शहाणपण आहे. शरीराने पूर्वी कधीही न पाहिलेला एखादा निरुपयोगी पदार्थ रक्तात आला, तर तो ओळखण्याची गरज उरत नाही. त्याला परत घेण्याची व्यवस्था नसली, की तो आपोआप बाहेर जातो.

बर्गे कोण बसवितो?

राजाराम बंधाऱ्यावरील पातळी माणूस वाचतो. शरीरातील पातळी मेंदूच्या तळाशी असलेला एक छोटा भाग वाचतो, आणि तो फार काटेकोर आहे. रक्तातील क्षारांची तीव्रता एक ते दोन टक्के वाढली तरी त्याला ते कळते. मग दोन आदेश निघतात. पहिला तहानेचा, त्याची जाणीव सर्वांना असते. दुसरा आदेश जाणवत नाही. पीयूष ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात सोडले जाते, ते मूत्रपिंडातील नलिकांच्या शेवटच्या टप्प्यावर पोहोचते आणि तेथील पेशींच्या भिंतीत पाण्यासाठी सूक्ष्म दारे बसवली जातात. या दारांतून पाणी रक्तात परत येते, लघवी थोडी व गडद होते. भरपूर पाणी प्यायल्यावर संप्रेरक घटते, दारे काढून घेतली जातात आणि लघवी पातळ व विपुल होते. ही दारे म्हणजे विशिष्ट प्रथिने होत. त्यांच्या शोधाबद्दल अमेरिकेतील शास्त्रज्ञ पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बंधाऱ्याची उपमा येथे अर्धीच लागू पडते, हे सांगितले पाहिजे: बर्गे पाणी अडवून राखतात, ही दारे पाणी आत घेऊन राखतात.

पाण्याबरोबर मिठाचाही हिशेब असतो. रक्ताचे प्रमाण वा दाब घटल्यास मूत्रपिंड स्वतः रेनिन नावाचे द्रव्य सोडते. त्यातून सुरू झालेल्या साखळीमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, अधिवृक्क ग्रंथी जागृत होतात व मीठ राखले जाते. मिठामागोमाग पाणी राहते. जेवणात मीठ जास्त असणाऱ्यांचा रक्तदाब का वाढतो, याचे एक उत्तर येथे सापडते.

तयार झालेली लघवी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते. हे साठवण तळे तीनशे ते पाचशे मिलिलिटर सहज सामावून घेते.

फडातील हिशेब

मूत्रपिंड पाणी राखू शकते, निर्माण करू शकत नाही. ते रक्ताच्या सुमारे चौपट तीव्रतेपर्यंतच लघवी घट्ट करू शकते. शरीरातील रोजचा कचरा वाहून नेण्यास त्यामुळे किमान अर्धा लिटर लघवी लागतेच. माणूस दिवसभर थेंबभरही पाणी प्याला नाही तरी हे पाणी खर्च होते. श्वासावाटे व त्वचेवाटे नकळत जाणारे पाऊण लिटरच्या आसपासचे पाणी वेगळे. उन्हात कष्टाचे काम असेल तर घामावाटे ताशी एक लिटर, कधी त्याहूनही अधिक पाणी जाते. ही तूट भरून काढण्यास पिण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

हा हिशेब जेथे सर्वांत कडक लागतो, ते ठिकाण म्हणजे उसाचा फड. दिवाळीच्या आगेमागे गळीत हंगाम सुरू होतो, तेव्हा बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतील हजारो कुटुंबे कोल्हापूर जिल्ह्यात ऊसतोडीसाठी येतात. पती-पत्नीचे जोडपे म्हणजे एक 'कोयता'. पहाटे अंधारात काम सुरू होते. ऊस तोडणे, वाडे छाटणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणे. पुरुष तहान लागली की पितो. स्त्री पुष्कळदा पीत नाही. याचे कारण अज्ञान नव्हे. फडाच्या आसपास आडोसा नसतो, शौचालय नसते, आणि फड तुटत जाईल तसा असलेला आडोसाही नाहीसा होतो. पाणी प्याले तर जावे लागेल, म्हणून ती तहान मारते. आणि तरीही वेळ आली तर अंधार पडेपर्यंत लघवी रोखून धरते.

या दोन्ही गोष्टींची किंमत मूत्रमार्गाला मोजावी लागते. स्त्रियांची मूत्रनलिका अवघी चार सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पुरुषांच्या मानाने फारच आखूड असते. जंतूंना मूत्राशयापर्यंतचा प्रवास सोपा पडतो. एरवी वाहती लघवी त्यांना धुऊन काढते. लघवी थोडी होऊन तुंबून राहिली की हा नैसर्गिक बंदोबस्त दुबळा होतो. जळजळ, वारंवार लघवीची भावना, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे दिसतात. थंडी वाजून ताप व कुशीत वेदना आल्यास जंतू मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याचा संभव असतो. गर्भवतीच्या बाबतीत धोका दुहेरी, तिचा आणि बाळाचा. गडद लघवीत खडे धरण्याचीही शक्यता वाढते.

याखेरीज एक गोष्ट कमी बोलली जाते. अंग ठणकते म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून घेतल्या जातात. शरीरात पाण्याची तूट असताना मूत्रपिंड आपला रक्तपुरवठा टिकविण्यासाठी ज्या द्रव्यांवर अवलंबून असते, त्यांचीच निर्मिती या गोळ्या कमी करतात. कोरड्या अंगावर घेतलेली अशी गोळी म्हणूनच अधिक घातक ठरू शकते.

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरमधील डॉक्टरांनी २००२ साली, मधुमेह वा रक्तदाब नसतानाही मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांकडे जगाचे लक्ष वेधले. त्यांत शेतमजूर पुरुष पुष्कळ होते. पुढे निकाराग्वातही ऊसतोड मजुरांत हाच प्रकार आढळला. उष्णतेतील अतिश्रम व वारंवार होणारी पाण्याची तूट हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते, आणि तेथील काही मळ्यांनी पाणी, विश्रांती व सावली यांचा ठरावीक क्रम लावून दिला आहे. तो निष्कर्ष जसाच्या तसा कोल्हापूरला लावणे योग्य नव्हे. येथील हंगाम बराचसा थंडीत जातो. तरी फेब्रुवारी-मार्चमधील फडातील ऊन व वाऱ्याचा अभाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या अनुभवाकडे पाठ फिरविता येणार नाही.

पाणी पिण्याचीही रीत आहे. तासन्तास कोरडे राहून एकदम तांब्यावर तांब्या रिचविण्यापेक्षा दर अर्ध्या तासाने थोडे थोडे पिणे हिताचे. मूत्रपिंड ताशी सुमारे एक लिटरहून अधिक पाणी बाहेर टाकू शकत नाही. भरपूर घाम गेल्यावर केवळ साधे पाणी अति प्रमाणात घेतल्यास रक्तातील मीठ धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी भाकरीसोबत असले की काम भागते. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा जुना आजार असणाऱ्यांनी मात्र पाणी व मीठ दोन्हींचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. वृद्धांना तहानेची जाणीव कमी होते, आणि तान्ह्या बालकांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करणे नीट जमत नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. लघवीचा रंग गव्हाच्या काडासारखा फिकट असेल तर हिशेब ठीक; मोहरीच्या तेलासारखा गडद झाला तर तूट.

शाळेतही हा प्रश्न निराळ्या रूपात भेटतो. शौचालय अस्वच्छ किंवा कडी नसलेले असेल, तर मुली सकाळपासून पाणी टाळतात. केरळमधील काही शाळांनी २०१९ साली पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा सुरू केली. मात्र घंटेपूर्वी शौचालयाची कडी दुरुस्त झाली नाही, तर घंटेचा उपयोग थोडाच.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर त्यांचे काम यंत्राकडे सोपवावे लागते. रक्तशुद्धीकरणाच्या चार तासांच्या एका बैठकीस सुमारे १२० लिटर शुद्ध द्रव लागतो, आणि आठवड्यातून दोन-तीन बैठका आयुष्यभर, किंवा प्रत्यारोपण होईपर्यंत. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत या उपचाराचा समावेश आहे. पण दर खेपेस बुडणारी मजुरी व प्रवास कुटुंबाच्याच माथी येतो.

त्या मानाने फडावरील व्यवस्थेचा खर्च अल्प आहे. झाकणाचे पाण्याचे पिंप, तोटी, कापडी सावली आणि बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावेल असे घडीचे शौचालय. पक्क्या बांधकामाचा येथे उपयोग नाही. फड रोज बदलतो, तेव्हा आडोसाही टोळीबरोबर हलला पाहिजे. कोणत्या शिवारात कोणती टोळी केव्हा उतरणार, याची नोंद कारखान्याच्या शेती विभागाकडे असते. हंगामाच्या आरंभी ती यादी ग्रामपंचायतीने मागून घेतली, तर आपल्या हद्दीत किती कोयते येणार, त्यांत किती स्त्रिया व किती गर्भवती आहेत, हे गावच्या आरोग्यसेविकेला पहिल्या मोळीआधीच कळू शकते.