परतफेडीची वही



लग्नाचा मांडव उतरला की आपल्या घरोघरी एक काम उरते. आहेराची पाकिटे उघडायची आणि वहीत नोंद करायची, अमक्याचे 501, तमक्याचे 1001. पुढे त्यांच्या घरी लग्न निघाले की आधी ती वही शोधली जाते. यात लाजण्यासारखे काही नाही. गाव अशा देवाणघेवाणीवरच उभे असते. संत थॉमस अक्वायनस यांनीही कृतज्ञता हा न्यायाशी जोडलेला सद्गुण मानला आहे. मात्र रोमन विचारवंत सेनेकाचा आधार घेऊन ते बजावतात की, उपकार फेडण्याची फार घाई करू नये. कधी एकदा फेडतो असे ज्याला होते, त्याला आभार मानायचे नसतात, ओझे उतरवायचे असते. ('आम्ही कुणाचे उपकार ठेवत नाही' असे अभिमानाने सांगणारे आपल्यातही पुष्कळ आहेत.)

अडचण होते ती हीच वही घेऊन आपण देवळात येतो तेव्हा.

माहीमला 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. वांद्र्याच्या मोतमाऊलीला भाविक मेणाचे हात, पाय, घर वाहतात. त्या मेणामागच्या श्रद्धेची मी थट्टा करणार नाही. पण काही वर्षांपूर्वी मुलाच्या दफनविधीनंतर एक आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "फादर, नऊ बुधवार केले, एकही चुकवला नाही. माझे काय कमी पडले?" वहीच्या हिशेबाने याची दोनच उत्तरे निघतात. एक तर तिची भक्ती उणी पडली, नाहीतर देवाने शब्द मोडला. दोन्ही खोटी आहेत. सेमिनरीत शिकलेले तत्त्वज्ञान त्या दुपारी माझ्या काही उपयोगी पडले नाही. मी नुसता तिच्याजवळ बसून राहिलो.

स्तोत्र 116 मध्ये भक्त स्वतःलाच विचारतो की, परमेश्वराच्या उपकारांची फेड मी कशी करू? त्याचे उत्तर नवलाचे आहे. तो तारणाचा प्याला हाती घेणार आहे. म्हणजे देण्याचा प्रश्न विचारून तो पुन्हा घेतोच! नवस तो टाकून देत नाही, सर्व लोकांसमक्ष फेडीन म्हणतो, पण त्यामुळे खाते मिटते असे कुठेही म्हणत नाही. मिस्सामध्ये 'पवित्र, पवित्र' गाण्याआधी धर्मगुरू जी स्तुतिप्रार्थना म्हणतात, तिच्या एका पाठात हेच येते: देवाला आपल्या स्तुतीची गरज नाही, त्याचे आभार मानावेसे वाटणे हीसुद्धा त्याचीच देणगी. 'युखरिस्त' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'आभार मानणे' असाच आहे.

मग फेडायचे कुणाला? लूकच्या 14व्या अध्यायात प्रभू येशू यजमानाला सांगतो की, जेवणाला मित्र, नातलग, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नकोस, ते उलट आमंत्रण देतील. गरीब, अपंग, लंगडे, आंधळे यांना बोलाव. त्यांची नावे कुठल्याच वहीत नसतात. त्यांच्या वतीने फेड होईल ती नीतिमानांच्या पुनरुत्थानसमयी.

ती आई हल्ली बुधवारी शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या आजीला आंघोळ घालते. परवा वाटेत भेटली तेव्हा मी सहज विषय काढला. "ती बिचारी काय परत करणार, फादर?" असे म्हणून ती हसली आणि बादली घेऊन आत गेली.