कपडे बदलले, की माणूस बदलला?

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापुरातील एक मुलगा पुण्यास वसतिगृहात राहून शिकत असे. त्याने घरी पत्र धाडले : 'शाळेतून आल्यावर मी रोज बदलतो आणि मग खेळावयास जातो.' त्याच्या आजीला वाचता येत नव्हते. शेजाऱ्याने पत्र वाचून दाखवले आणि त्या रात्री म्हातारीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळीच ते पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. "गुरुजी, माझा नातू रोज बदलतो, म्हणजे हो काय? आम्हांला विसरला का तो?"

मी म्हणालो, "नाही हो आजी, तो रोज कपडे बदलतो." तेव्हा कोठे तिचा जीव भांड्यात पडला.

मुलांनो, चूक एका शब्दाची होती. कपड्यांचे नाव न घेता नुसते 'बदलतो' म्हणण्याची रीत इंग्रजीत आहे, मराठीत नाही. 'मी बदलतो' याचा अर्थ माझा स्वभाव, माझे वागणे पालटते. येथे क्रियापद अकर्मक आहे. 'मी कपडे बदलतो' या वाक्यात तेच क्रियापद सकर्मक होते व 'कपडे' हे त्याचे कर्म असते. ते गाळले, की अर्थच पालटतो.

भूतकाळात हा भेद अधिक स्पष्ट दिसतो. 'तो बदलला' येथे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. पण 'त्याने सदरा बदलला, टोपी बदलली, धोतर बदलले' येथे ते कर्माप्रमाणे चालते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'कपडे बदलून आणले' म्हणजे दुकानातून त्यांच्याऐवजी दुसरे आणले. 'वेश पालटला' म्हणजे कोणी ओळखू नये म्हणून निराळा पोशाख केला.

बदललेल्या वस्त्रासाठीही नेमके क्रियापद हवे. सदरा घालतात, धोतर आणि लुगडे नेसतात, फेटा बांधतात आणि आपली सोलापुरी चादर पांघरतात.

समोर बसलेला माणूस आपल्याला पुन्हा विचारू शकतो. दूर असलेल्या वाचकाजवळ मात्र आपले शब्दच असतात. म्हणून लिहिलेले वाक्य एकदा त्याच्या कानांनी ऐकावे आणि मगच पत्र पेटीत टाकावे.

स्वाध्याय

१. 'ती बदलली' व 'तिने साडी बदलली' या वाक्यांतील अर्थाचा फरक सांगा.

२. योग्य क्रियापद लिहा : आजोबांनी फेटा ------. थंडी वाजल्यामुळे बाळूने चादर ------.

३. शाळेतून घरी आल्यावर तुम्ही काय काय करता, ते आजीला पत्र लिहून कळवा.